आजोबांचं जुनं मिलिटरी पिस्तूल : सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडं आजोबांचं ब्राऊनिंग १९२२ आहे, ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्याकडं ज्याला .३२ चं पिस्तूल म्हणतात ते. दुसऱ्या महायुद्धातलं हत्यार आहे. गेली बरीच वर्षं ते माझ्या लायसन्सवर आहे, वर्षातून दोन-तीनदा नेमबाजीच्या रेंजवर चालवतो, बाकी वेळ पुसून तेल लावून ठेवतो. सोलापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत ज्यांच्या घरात असलं जुनं हत्यार आहे ती माणसं लग्नात भेटली, दहाव्याला भेटली की बाजूला घेऊन तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढलं. मी वकील नाही आणि गनस्मिथही नाही, पण वारसाच्या लायसन्सची पायपीट स्वतः केलीय.

हे पिस्तूल मिलिटरीचं आहे हे कशावरून?

बेल्जियममध्ये लिएज शहराजवळ हेर्स्टाल म्हणून गाव आहे, तिथं एफएन कंपनीचा कारखाना. जॉन ब्राऊनिंगच्या डोक्यातून निघालेलं १९१० चं छोटं खिशातलं पिस्तूल होतं, ते युगोस्लाव्हियाच्या लष्कराला बॅरल लांब आणि मॅगझीन मोठं करून पाहिजे होतं, त्यातून १९२२ चं मॉडेल आलं. ७.६५ च्या मॅगझीनमध्ये ९ राऊंड बसतात. पुढं मे १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतलं, कारखाना ताब्यात घेतला आणि सप्टेंबर १९४४ पर्यंत हेच पिस्तूल स्वतःच्या सैन्यासाठी बनवून घेतलं, त्यांच्या कागदावर त्याचं नाव पिस्टोल ६२६ बी. अशा पिस्तुलावर बारीक गरुड आणि त्याच्याखाली जर्मन तपासनिसाचा नंबर ठोकलेला असतो. माझ्या पिस्तुलावर तो आहे. स्लाईडवर, म्हणजे वरच्या मागंपुढं सरकणाऱ्या भागावर, कानशीचे ओरखडेसुद्धा दिसतात, कारण युद्ध जसं लांबत गेलं तसं फिनिशिंगकडं बघायला वेळ राहिला नाही. मला ते ओरखडे आवडतात, कुणीतरी घाईत केलेलं काम आहे हे हाताला कळतं.

आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले, १९४६ ला घरी आले. पिस्तूल त्यांनी युद्धातून आणलेलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो कारण सगळ्यांना तसंच वाटतं. १९५७ मध्ये रीतसर लायसन्स काढून दुकानातून घेतलं. कुणा साहेबानं जाताना दुकानात दिलेलं होतं, असं ते सांगायचे.

वडील (किंवा आजोबा) वारले, पिस्तूल अजून कपाटातच आहे, लायसन्स त्यांच्या नावावर. काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार.

लायसन्स माणसाचं असतं, घराचं नसतं. माणूस गेला की त्या दिवसापासून ते हत्यार घरात ठेवायचा हक्क कुणाकडंच राहत नाही, मग ते कुलपात असो नाहीतर देवघरात. शस्त्र कायद्याचं, म्हणजे १९५९ च्या आर्म्स ॲक्टचं, कलम २१ सांगतं की असं हत्यार विनाकारण वेळ न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडं जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं असं होत नाही, ते तुमच्या घराण्याच्या नावानंच तिथं राहतं आणि वारसाला लायसन्स मिळालं की परत येतं. लोक भितात ते इथंच, की एकदा पोलिसांत दिलं की विसरा. त्या भीतीपायी वर्षानुवर्षं हत्यार तांदळाच्या डब्यात नाहीतर पोटमाळ्यावर पडून राहतं आणि घरातल्या चांगल्या माणसावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा दाखल व्हायची वेळ येते.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. आजोबा जानेवारी २००८ मध्ये गेले, गड्ड्याची यात्रा चालू होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. पिस्तुलाचा विषय कुणाच्या डोक्यातच आला नाही. वडिलांना त्याची आवड नव्हती, आई म्हणाली राहू द्या त्यांची आठवण आहे, आणि ते त्यांच्या धोतरांच्या घड्यांखाली तसंच राहिलं. २००९ च्या लोकसभा इलेक्शनच्या आधी हवालदार दारात आले, लायसन्सवाल्यांची हत्यारं जमा करायची यादी घेऊन, त्यात आजोबांचं नाव. वडील म्हणाले ते तर वारले की वर्ष झालं. हवालदारांनी विचारलं, मग पिस्तूल कुठाय. त्या वेळी वडिलांचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरणार नाही, आयुष्यात कधी सिग्नल न तोडलेला माणूस. ते हवालदार समजूतदार होते, त्याच दिवशी मृत्यूचा दाखला, जुनं लायसन्स आणि पिस्तूल घेऊन आम्ही ठाण्यात गेलो, जमा केलं, पावती घेतली आणि दुसऱ्या आठवड्यात मी अर्ज टाकला. लायसन्स हातात यायला २०११ उजाडलं.

तुमच्याकडं आजच असं पडून असेल तर आजच जा. आधी वकिलाला फोन करा वाटल्यास, पण जा.

वारसाला लायसन्स मिळतंच का?

हक्कानं मिळतं असं नाही, पण वारसाच्या अर्जाची नियमांत वेगळी सोय आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं लायसन्सधारक वारल्यावर वारसाला मिळू शकतं, किंवा लायसन्सधारक जिवंत असतानाच त्याचं वय ७० झालं किंवा ते हत्यार त्याच्याकडं २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाच्या नावावर द्यायला अर्ज करू शकतो. ही दुसरी सोय लोकांना माहितीच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून कुणी विषय काढत नाही, पण खरं सांगतो, आजोबांशी मी हे ते असताना बोललो असतो तर त्यांनाच बरं वाटलं असतं, स्वतःच्या हातानं दिलं असतं त्यांनी.

अर्जदाराचं वय २१ पूर्ण पाहिजे. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, म्हणजे माझ्या बाबतीत वडील आणि दोन आत्या, तिघांची प्रतिज्ञापत्रं. मेडिकल सर्टिफिकेट, पोलीस चौकशी, हत्यार कसं सुरक्षित ठेवणार त्याची हमी, आणि हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. एका आत्याची सही मिळायला आम्हाला चार महिने लागले, कारण शेताच्या वाटणीवरून अबोला होता. कागदापेक्षा माणसं जड जातात, सह्या आधी गोळा करा.

सोलापुरात अर्ज कुठं करायचा?

शहर हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्त कार्यालय. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ असं ग्रामीण असेल तर कलेक्टर ऑफिस, जिल्हादंडाधिकारी म्हणून. हद्दीबाबत खात्री नसेल तर आधार कार्डावरचा पत्ता कुठल्या ठाण्यात येतो ते बघा. प्रत्येक लायसन्सला राष्ट्रीय डेटाबेसमधला युनिक नंबर असावाच लागतो, लायसन्सच्या जुन्या पुस्तकाला तो नसेल तर आधी ते काम.

रिन्यू किती वर्षांनी?

आधी ३ वर्षांनी होतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षं झालं. मी मुदत संपायच्या दोन महिने आधीच टाकतो. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडं जास्तीत जास्त २ हत्यारं असा नियम आला, आधी ३ होती, आणि वारसानं आलेलं हत्यारसुद्धा त्या दोनातच मोजलं जातं. ज्यांच्या घरी आधीच दोन आहेत त्यांनी तिसऱ्यासाठी दुसऱ्या वारसाचं नाव लावावं.

रिन्यूअलला मुलगा पिस्तूल घेऊन गेला तर चालतं का? माझे गुडघे दुखतात.

लायसन्सधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस रिपेअरसाठी किंवा रिन्यूअलसाठी हत्यार नेऊ शकतो, कायद्यातच आहे. पण कागद बरोबर पाहिजे, तोंडी नाही. आणि ते तेवढ्याच कामापुरतं, येताना मित्रांना दाखवायला हॉटेलात थांबायचं नाही.

आमच्या मामांकडं .३८ चं वेब्ली आहे, तसंच होईल ना?

इथं थांबा. मिलिटरीचं हत्यार म्हटलं की सगळ्यात मोठी अडचण हीच. आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर आणि नॉन-प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप, प्रोहिबिटेड म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं) असे दोन भाग आहेत, आणि जे काडतूस सरकारी फौजेचं ते साधारण प्रोहिबिटेडमध्ये. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलात .३८० (बोलताना .३८ म्हणतात ते) आणि .४५५ ची रिमवाली, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेली, काडतुसं आणि सर्व्हिसची ९ एमएम, ही ज्यात बसतात आणि उडतात ती हत्यारं प्रोहिबिटेड. ब्रिटिश फौजेचं १९१५ चं वेब्ली मार्क ६ हे .४५५, नंतर १९३२ ला आलेलं एनफिल्ड नंबर २ आणि युद्धात एनफिल्डचं उत्पादन पुरेना म्हणून घेतलेलं वेब्ली मार्क ४ ही दोन्ही .३८ ची. म्हणजे साहेबाच्या कमरेला लटकणारं जे जे आपल्या डोळ्यापुढं येतं ते जवळजवळ सगळं प्रोहिबिटेड. त्याचं लायसन्स कलेक्टर किंवा आयुक्त देऊ शकत नाहीत, केंद्राच्या गृह मंत्रालयाकडं जावं लागतं.

पण वेब्ली मार्क ४ हे .३२ मध्येही निघालेलं आहे आणि दिसायला तसंच, म्हणून मामांचं पुस्तक उघडून बोअर काय लिहिलाय ते आधी वाचा, मग बॅरलवर बघा. दोन्ही जुळत नसेल तर डीलरला दाखवा, स्वतः काडतूस घालून ट्राय करू नका.

माझं .३२ आहे म्हणून वाचलं. आजोबांनी ९ एमएम घेतलं असतं तर आज ते आमच्याकडं नसतं.

ऐंशी वर्षं जुनं आहे, अँटिक म्हणून लायसन्सची गरज नाही असं एकानं सांगितलं.

चुकीचं सांगितलं. कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुरातन हत्यारांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येऊ नये. माझं पिस्तूल रेंजवर धडाधड चालतं, त्याला कुठली सूट. काडतुसावर आपटणारी पिन मोडलीय, स्प्रिंग नाही, म्हणून मोकळे असं पण समजू नका, कारण पिन आणि स्प्रिंग बदलता येते.

असलं सरप्लस, म्हणजे लष्करानं काढून टाकलेलं, पिस्तूल नवीन माणसाला विकत मिळतं का?

अमेरिकेत सरकारी योजनेतून लष्कराची जुनी १९११ पिस्तुलं २०१८ पासून नागरिकांना विकतात, ते व्हिडिओ बघून पोरं विचारतात. आपल्याकडं तसलं काही नाही. आपल्याकडं लष्करी अधिकाऱ्यांना नॉन सर्व्हिस पॅटर्न (फौजेच्या ठरलेल्या नमुन्यातली नसलेली), एनएसपी म्हणतात ती हत्यारं डेपोतून मिळायची, त्यातली काही पुढं लायसन्सवर बाजारात आली. आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करणं बंद झालं, त्यामुळं देशात जेवढी जुनी विलायती पिस्तुलं आहेत तेवढीच हातोहात फिरतात आणि किंमत हत्याराच्या लायकीच्या कितीतरी पट. पहिलंच घ्यायचं असेल तर माझं मत, कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर घ्या, स्पेअर मिळतात. जुनं पिस्तूल हे घरात आलेलं असेल तर सांभाळायचं, बाजारात शोधत फिरायचं नाही.

विकायचं असेल तर कलम ५ प्रमाणं आधी लेखी कळवायचं, त्यानंतर कमीत कमी ४५ दिवस थांबायचं, आणि घेणाऱ्याकडं त्याचं लायसन्स पाहिजेच.

काडतूस कुठलं लागतं? .३२ म्हटलं की सगळं एकच ना?

एक नाही. ह्यात लई घोळ होतो. पिस्तुलाचं .३२ म्हणजे ७.६५ ब्राऊनिंग, .३२ एसीपी, आखूड काडतूस, ७१ ग्रेनची जॅकेटवाली गोळी. रिव्हॉल्व्हरचं .३२ म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, लांब, रिमवालं. रिव्हॉल्व्हरचं पिस्तुलात जात नाही तो प्रश्न नाही, प्रश्न उलटा आहे, पिस्तुलाचं आखूड काडतूस काही रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊन बसतं आणि उडतंसुद्धा, पण त्याचं प्रेशर जास्त असतं आणि म्हातारं रिव्हॉल्व्हर त्यासाठी बनलेलं नाही. दुकानात जाऊन नुसतं .३२ द्या म्हणू नका, पिस्तूल का रिव्हॉल्व्हर ते सांगा आणि डबा उघडून बघा.

पुंगळीच्या बुडाला के एफ लिहिलेलं असेल तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं, किर्की फॅक्टरी, १८६९ पासूनचा कारखाना. किती राऊंड एका वेळी ठेवायचे आणि वर्षाला किती घ्यायचे ते तुमच्या लायसन्सवर लिहिलेलं असतं, तेच धरायचं. मी रेंजची पावती आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून जपून ठेवतो. घरी काडतूस भरायचा विचार पण करू नका, तो दारूगोळा बनवण्याच्या लायसन्सचा विषय आहे.

आजोबांच्या डब्यात जुनी काडतुसं सापडली, ती उडवू का?

नको. जुन्या मिलिटरी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाला पिन जिथं आपटते तिथं, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून जे मीठ मागं राहतं ते हवेतलं पाणी ओढतं आणि बॅरल आतून गंजतो. तेलानं ते मीठ निघत नाही, पाण्यात विरघळतं, म्हणून जुने फौजी आधी गरम पाणी ओतायचे, कोरडं करायचे आणि मग तेल. आजोबा हे करायचे, चहाच्या किटलीनं, लहानपणी मला वाटायचं पिस्तुलाला आंघोळ घालतात.

त्याहून मोठी भीती म्हणजे दारू नासलेली असली तर गोळी अर्ध्या बॅरलमध्ये अडकते. आवाज बारीक आला, झटका बसला नाही, तर तिथंच थांबायचं, दुसरी मारायची नाही, बॅरल फुटतो. आणि ट्रिगर ओढला पण उडालंच नाही तर तोंड टार्गेटकडंच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. डब्यातली ती काडतुसं हत्याराबरोबरच जमा करा, ती पण मोजली जातात.

लायसन्स आलं, पिस्तूल परत मिळालं. लगेच रेंजवर नेऊ?

आधी जाणकाराकडं, म्हणजे लायसन्स असलेल्या दुरुस्तीवाल्याकडं. पण स्वतःही काही गोष्टी बघता येतात. मॅगझीन काढा, स्लाईड ओढून चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागं काडतूस बसतं ती जागा, डोळ्यानं बघा, मग करंगळी घालून बघा. मॅगझीन काढलं म्हणजे रिकामं झालं असं नसतं, एक राऊंड चेंबरमध्ये बसलेला असू शकतो आणि बहुतेक अपघात त्या एकानंच होतात.

१९२२ ला तीन सेफ्टी आहेत. बोटानं फिरवायची, मुठीच्या मागची दाबली जाणारी, आणि मॅगझीन नसताना ट्रिगर न चालू देणारी. रिकाम्या पिस्तुलावर तिन्ही एकेक करून तपासा, ट्रिगर ओढल्यावर पिन सुटली तर ती सेफ्टी गेली. बॅरल काढून उजेडात धरा, आत कुठं अंगठीसारखी काळी रेघ दिसली तर तिथं कधीतरी गोळी अडकून बॅरल फुगलाय, असलं चालवू नका, शोकेसमध्ये ठेवा. रिकॉइल स्प्रिंग बॅरलच्या भोवती असते आणि उघडताना पुढची टोपी सुटली की ती उडून डोळ्यात जाऊ शकते, मी चष्मा लावून आणि तोंड भिंतीकडं करून उघडतो. ८० वर्षांची स्प्रिंग ढिली पडलेली असते, मग स्लाईड मागं जोरात आपटते आणि फ्रेमला तडा जातो. माझी आधीच बदलून घेतली, जुनी चिंधीत बांधून ठेवलीय.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच राऊंड. नीट उडालं, पुंगळी बाहेर पडली, तर मग दोन. दोन अशासाठी की सिअर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत पिन अडवून धरणारा भाग, झिजलेला असला तर एका ट्रिगरला दोन सुटतात, आणि तसं झालंच तर नऊ सुटण्यापेक्षा दोन सुटलेले बरे.

शेतात चालवलं तर? आमचं रान गावापासून लांब आहे.

नाही. माळरान मोकळं दिसतं पण .३२ ची गोळी दगडाला लागून कुठं जाईल ह्याचा भरवसा नाही, आणि मेंढरं घेऊन कोण कुठल्या ओढ्यात बसलाय ते तुम्हाला दिसत नाही. सराव रेंजवरच. एअर पिस्तूलच्या १० मीटर रेंजवर हे चालत नाही, सेंटरफायरला, म्हणजे बुडाच्या मधोमध टोपी असलेल्या असल्या काडतुसांना, परवानगी आहे का ते आधी फोन करून विचारा आणि लायसन्सची कॉपी पाठवा. मी पुण्याकडं जातो. पहाटे निघायचं, मोहोळ, टेंभुर्णी, भिगवण करत, पिस्तूल रिकामं, कुलपाच्या डब्यात, काडतुसं वेगळ्या पिशवीत, लायसन्स खिशात. भिगवणला नाष्ट्याला थांबलो तर एक जण गाडीतच बसतो.

चालवायला कसं वाटतं? नेम लागतो का?

बघायला छोटं पण हाताला चावतं. बॅरल फ्रेमला पक्का, ब्लोबॅक, म्हणजे स्लाईड नुसत्या स्प्रिंगनं अडवलेली, त्यामुळं झटका सरळ तळव्यात येतो. माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा दाणा, अगदी बारीक, काळ्या टार्गेटवर काळी माशी, माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना दिसेना म्हणून मी टार्गेटच पांढरं घेतो. १० मीटरवर माझे पाच राऊंड साधारण तळहाताएवढ्या जागेत पडतात. २५ मीटरवर पडत नाहीत. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलला गोल्ड घेतलं, ते बघून लोक म्हणतात तुमचं पण असंच का, तर ते .२२ चं मॅच पिस्तूल असतं, हातात मापानं कोरलेला ग्रिप असतो, हे वेगळं आणि ते वेगळं.

दिवसाला वीस-पंचवीस राऊंड, त्याच्यावर मी जात नाही. कानाला मफ, डोळ्याला चष्मा लागतोच, आणि घरी येऊन काही खायच्या आधी साबणानं हात धुवा, हाताला शिसं लागलेलं असतं.

सोलापूरच्या हवेत गंज चढतो का? हवा तर कोरडी असते.

उन्हाळ्यात ४२-४३ पर्यंत जातं तेव्हा गंज नाही, धूळ. धूळ आणि घट्ट तेल एकत्र झालं की सँडपेपर. पावसाळ्यात मात्र चढतोच. दर महिन्याला एकदा काढून बघा, कोरड्या कापडानं पुसा, पातळ गन ऑइलचा हलका हात. खोबरेल नको. आमच्याकडं कुणीतरी प्रेमानं खोबरेल लावलं होतं, ते थंडीत २४ डिग्रीच्या खाली थिजतं, जानेवारीत पिन जागची हलेना.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये कायमचं ठेवू नका. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेलं रसायन त्यात राहिलेलं असतं, आणि लोखंड खातं. आजोबांचं होल्स्टर सुंदर आहे, पण पिस्तुलाच्या तोंडाजवळ त्याच होल्स्टरच्या शिवणीचा ठसा गंजात उमटलाय.

घासून पॉलिश करून नवीन ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा काळा-निळा रंग, करून घेऊ?

नका करू. जुना रंग, शिक्के, ओरखडे, सगळं त्यातच जातं. आणि घासताना नंबर पुसला गेला तर तो गुन्हा आहे, कलम ८. गंजाच्या ठिपक्यावर तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जाड सुती कापडानं चोळा. वेळ लागतो, लागू द्या.

खंडेनवमीला पूजेला मांडायचं का?

मांडायचं की. आम्ही मांडतो, आजोबा मांडायचे, झेंडूचा हार घालून, शेजारी कोयता, विळी, शिवणाचं मशीन. पण आधी सगळ्यांसमोर रिकामं करून दाखवायचं, मॅगझीन वेगळं, काडतुसं पाटावर येतच नाहीत. पाणी शिंपडायचं ते बाजूला. हळदकुंकू थेट लोखंडावर लावू नका, ओल्या बोटानं लावलेलं कुंकू रात्रभर राहिलं की खाली डाग पडतो. आईनं ह्यावर मार्ग काढला, पिस्तुलाखाली एक खण ठेवते आणि हळदकुंकू त्या खणाला लावते. आरती झाली की लगेच पुसून कुलपात. आणि फोटो स्टेटसला नको, पाहुण्यांनाही आधीच सांगतो.

पुतण्याच्या वरातीत एक बार काढला तर?

कलम २५ मध्ये आता ह्यासाठी वेगळी शिक्षा आहे, लग्नात-मिरवणुकीत निष्काळजीपणानं बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येते, आणि खाली माणसंच असतात. मला हे विचारणाऱ्यांशी मी पुढं बोलत नाही.

इलेक्शनला जमा करावंच लागतं का?

तुमच्या नावानं आदेश आला तर हो. कमिटी बसते, कुणाचं जमा करायचं ते ठरवते, आणि सूट पाहिजे असेल तर कारण देऊन अर्ज करता येतो. जमा करताना जास्तीचं तेल लावा, प्लॅस्टिकमध्ये नव्हे तर तेलाच्या कापडात गुंडाळा, नंबर दिसेल असे फोटो काढा, आणि पावतीवर मॅगझीन किती ते लिहून घ्या. एका वर्षी मी हे काहीच केलं नव्हतं, पिस्तूल एका ठाण्याच्या खोलीत पावसाळाभर राहिलं, परत आलं तेव्हा डाव्या ग्रिपला चीर आणि स्लाईडवर गंज. कुणाशी भांडणार, पावतीवर नुसतं "पिस्तूल १ नग" लिहिलेलं.

घरात लहान मुलं आहेत, कुठं ठेवायचं?

भिंतीत बोल्ट केलेली लोखंडी तिजोरी, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही चाव्या लायसन्सधारकाकडं. बायकोला सुद्धा तिजोरी माहितीय, चावी नाही, आणि हे तिनंच सुचवलं. उशाखाली, गाडीच्या डॅशबोर्डात, दुकानाच्या गल्ल्यात नको. ह्या पिस्तुलात पिन अडवणारी आतली सेफ्टी नाही, चेंबर भरलेलं असताना खाली पडलं तर सुटू शकतं, म्हणून चेंबर रेंजवर टार्गेटसमोरच भरायचं, इतर कुठंही नाही. मुलांपासून लपवून ठेवण्यापेक्षा त्यांना एकदा दाखवा, रिकामं करून, हातात द्या, वजन कळू द्या. लपवलेल्या वस्तूला पोरं शोधतातच.

तुमच्यानंतर कुणाकडं जाणार?

मुलगी १९ ची आहे, कॉलेजच्या एनसीसीत .२२ चालवून आलीय, माझ्यापेक्षा हात स्थिर आहे तिचा. २१ च्या आधी काही करता येत नाही. माझी २५ वर्षं २०३६ मध्ये भरतात. मागच्या खंडेनवमीला पिस्तूल पुसायचं काम तिनं घेतलं, गरुडाच्या शिक्क्यातला मळ टूथपिकनं काढला आणि विचारलं की पणजोबांच्या लायसन्सचं पुस्तक कुठाय. ते पुस्तक, १९५७ ची दुकानाची पावती, आत्यांची प्रतिज्ञापत्रं आणि ठाण्याची पावती असं सगळं आम्ही दोघांनी एका फाईलमध्ये लावलं, फाईलवर नाव तिनं तिच्या अक्षरात लिहिलंय.